वडाखालची शिखर परिषद

डॉक्टरकी शिकणाऱ्याला सरकारी दवाखान्यात रोगी आयते मिळतात. शांतता शिकणाऱ्याला भांडण स्वतःचं स्वतः शोधावं लागतं. मी दिल्लीतल्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करत होते. परराष्ट्र धोरण आणि शांतता-उभारणी हे माझे खास विषय. हे नातेवाइकांना समजावून सांगायचं काम आईकडे होतं. "भांडणं मिटवायचा कोर्स आहे तिचा," ती फोनवर सांगे. "म्हणजे वकिली का?" असं पलीकडून येई. "नाही हो, वकील वाढवतात. ही मिटवणार." "मग पैसे कोण देणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेला, आणि त्याचं उत्तर आईकडेही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

या क्षेत्राची वाटच तशी आहे. यूपीएससीतून परराष्ट्र सेवेत दरवर्षी काही डझन लोक जातात; बाकीच्यांनी 'अनुभव' गोळा करत हिंडायचं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नशिप मिळते, पण पगार मिळत नाही. 2015 साली जिनिव्हातला एक इंटर्न राहायचा खर्च परवडत नाही म्हणून तंबू ठोकून राहिला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. ही बातमी मी घरी मोठ्या उमेदीने सांगितली, तर आजी म्हणाली, "तंबूतच ऱ्हायचं तर आपल्या मळ्यात ऱ्हा की. निदान भाकरी तरी मिळंल." त्या संस्थेच्या अधिकृत भाषा सहा, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश, हे ऐकून तर तिचा त्यातला रसच संपला. मराठी येत नसलेली माणसं भांडतात तरी कशी, असा तिचा सवाल होता.

अशात एका परदेशी फेलोशिपचा अर्ज हाती आला. त्यात एक रकाना होता: संघर्षग्रस्त समाजात प्रत्यक्ष केलेलं काम. वर्गातल्या पोरांनी आपापले संघर्ष आधीच गाठले होते. कोणी काठमांडूला जाऊन आलं होतं, कोणी जाफन्याला. माझ्या खात्यात गोवा एक्सप्रेसच्या स्लीपरपुरते पैसे होते, तेही साताऱ्यापर्यंतचे. पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात संघर्ष मात्र होता, माझ्याहून वयाने मोठा आणि दोन्ही बाजूंनी निगुतीने जपलेला. 2023 च्या उन्हाळ्यात मी त्याच्या दिशेने निघाले.

आबा आणि तात्या हे वडिलांचे चुलत भाऊ, एकमेकांचे सख्खे. वाटणी झाली तेव्हा कागदोपत्री वरचा गट आबांच्या नावावर चढला आणि खालचा तात्यांच्या. कसायला मात्र आबांनी खालचा धरला, तात्यांनी वरचा. सातबारा एकाचा आणि नांगर दुसऱ्याचा. पीककर्जाचा हंगाम आला की दोघांना ही गोष्ट आठवायची. मधल्या बांधावर एक रायवळ आंबा, बांधाच्या टोकाला सामाईक विहीर. बांध दर नांगरटीला थोडा थोडा कोरला जाई. कोण कोरतं यावर दोन मतं होती आणि ती मतं सोडली तर दोघांत बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा गावच्या समितीत हे दोघेही होते. गावातली निम्मी भांडणं त्यांनी मिटवली. बैठकीत एकमेकांशी बोलायची वेळ आली, की दोघेही अध्यक्षांकडे तोंड करून बोलत.

पुस्तकाच्या दृष्टीने नमुना निर्दोष होता. 1959 मध्ये ऑस्लोत शांतता-संशोधनाची संस्था उभी करणाऱ्या योहान गाल्टुंग यांनी शांततेचे दोन प्रकार केले आहेत. मारामारी होत नाही, एवढीच ती नकारात्मक शांतता. अन्यायाची मुळंच निघून गेली की येते ती सकारात्मक. मी पहिल्याच सकाळी गोठ्यात जाऊन आबांना निदान सांगितलं, "आबा, तुमच्यात आणि तात्यांच्यात नकारात्मक शांतता आहे."

आबा म्हशीची धार काढत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "नकारात्मक? कोन म्हनतं? त्यो?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की तात्यांनी थोरल्या भावाला नकारात्मक म्हटलं. इतकी वर्षं दोघे जुन्याच कारणांवर भागवत होते, त्यांना एक ताजं कारण मिळालं. अभ्यासाला हे पोषकच होतं. झोपलेल्या संघर्षावर काम करता येत नाही.

पुढचा प्रश्न बैठकीच्या जागेचा. असे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण इतिहास तसं म्हणत नाही. पॅरिसला 1968 साली व्हिएतनामची बोलणी टेबलाच्या आकारावर अडली. आठवडेच्या आठवडे गेले. तिकडे युद्ध चालू आणि इकडे चौकोन की वर्तुळ हा वाद चालू. शेवटी 1969 च्या जानेवारीत मध्ये एक गोल टेबल आणि दोन बाजूंना दोन आयताकृती, अशी तोड निघाली. त्याच्याही आधी, 1698-99 मध्ये, ऑटोमन तुर्क आणि युरोपातल्या सत्ता कार्लोविट्झला तहासाठी जमल्या, तेव्हा आत आधी कोण शिरणार यावरून खोळंबा होऊ नये म्हणून बैठकीच्या जागेला चार दारं ठेवली होती, असं सांगतात. आमच्या मारुतीच्या देवळाला दार एकच, आणि तेही ठेंगणं. "आधी त्यो वाकू दे, मग म्या वाकतो," तात्या म्हणाले. ग्रामपंचायतीत टेबल होतं, पण त्याच्यामागे हाताची खुर्ची एकच. एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकायचा तर प्रश्नच नव्हता.

मला ऐन वेळी वडाचा पार सुचला. गोल, चहूकडून सारखा आणि दारं अगणित. पॅरिसवाल्यांना जे इतके आठवडे सुचलं नाही, ते मी एका दुपारी जुळवून आणलं.

गोल पाराची एक अडचण असते. त्याच्या मधोमध वड असतो. आबा पूर्वेला बसले, तात्या पश्चिमेला. खोड असं, की चौघांच्या कवेत मावू नये. दोघांना एकमेकांचं तोंड दिसणं अशक्य होतं आणि या व्यवस्थेवर दोघेही बेहद्द खूश होते. मी खचले नाही. 1978 मध्ये कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे बेगिन आणि इजिप्तचे सादात यांचं समोरासमोर जमेना, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी दोघांकडे वेगवेगळ्या खेपा घातल्या. तेरा दिवस, एकच मसुदा, त्याचे तेवीस खर्डे, आणि करार झाला. मीही वही घेऊन वडाभोवती फिरू लागले. आबांचं म्हणणं तात्यांकडे न्यायचं आणि तात्यांचं, शिव्या गाळून, आबांकडे. तात्यांच्या वाक्यातून शिव्या गाळल्या की पुष्कळदा नुसतं "आन् सांग त्याला" एवढंच उरे. तेही मी पोचवलं.

वटपौर्णिमा तोंडावर आली होती. शेतावर निघालेल्या बायका थांबून बघू लागल्या.

"लगीन ठरलं व्हय गं तुजं?"

"नाही."

"मग आत्तापास्नंच फेऱ्या?"

मी त्यांना कार्टर समजावून सांगायला गेले. त्यांनी माझ्या हातात दोरा दिला.

फिरून फिरून चक्कर आल्यावर मी पद्धत बदलली. दोन शत्रूंना एकदम मैत्री करायला लावू नये, आधी लहानसहान गोष्टींतून विश्वास वाढवावा, असं शास्त्र सांगतं. त्याचं मला अतिशय आवडणारं उदाहरण आपल्याच शेजारचं आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने 31 डिसेंबर 1988 ला केला. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. मध्ये कारगिल झालं, व्यापार बंद पडला, राजदूत माघारी आले, पण यादी चुकली नाही. अणुबॉम्बवाल्यांना जे जमतं, ते दोन शेतकऱ्यांना का जमू नये? मी ठरवलं, की दोघांनी विहिरीवरच्या आपापल्या सामानाची यादी लिहून एकमेकांना द्यायची.

"यादी घिऊन काय करायचं?" आबांनी विचारलं.

"विश्वास वाढतो."

यादी तात्यांच्या धाकट्याने लिहिली. पोरगा सरळ. त्याने लिहिलं, मोटार, पाच एचपी. विहिरीवर दोघांनीही तीनचीच मोटार बसवायची, असं वाटणीच्या वेळी ठरलेलं होतं. आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. "तरीच म्हनतो, माज्या पाळीला हिरीत पानी का नसतं!" तोवर आबांची यादी वडाच्या पलीकडे पोचली होती. तीत पीव्हीसी पाइप होते, आणि तात्या ज्यांची चोरी झाल्याचं गेली दोन वर्षं गावाला सांगत होते त्या पाइपांशी त्यांचा आकार, रंग आणि नग, सगळंच जुळत होतं. विश्वास वाढला. आपण इतकी वर्षं समोरच्याबद्दल जे समजत होतो ते तंतोतंत खरं होतं, असा दोघांचाही विश्वास वाढला.

मग मी पुस्तकातला हुकमी एक्का काढला. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं वाटाघाटींवरचं 1981 चं पुस्तक आमच्यात पोथीसारखं वाचलं जातं. त्यात एका संत्र्याची गोष्ट आहे. दोन मुलं संत्र्यासाठी भांडतात आणि शेवटी ते निम्मं निम्मं करतात. एक गर खाऊन साल फेकतं आणि दुसरं केकसाठी साल ठेवून गर फेकतं. काय मागतोस हे विचारण्याऐवजी कशाला हवंय हे विचारलं असतं, तर दोघांनाही अख्खं मिळालं असतं. म्हणून मी आबांना विचारलं, "आबा, बांधावरच्या आंब्यातलं तुम्हाला नेमकं काय हवंय? गर की कोय?"

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग वडिलांना हाक मारून म्हणाले, "पोरीला ऊन लागलंया. कांदा फोड आन् हुंगव."

मी पलीकडे गेले. तात्यांनी मात्र प्रश्न गांभीर्याने घेतला. "मला गर नगं, कोय नगं, झाडबी नगं," ते म्हणाले. "फकस्त त्याला घावू नये." परराष्ट्र धोरणातला वास्तववादी पंथ याला सापेक्ष लाभ म्हणतो: मला किती मिळालं यापेक्षा समोरच्याला माझ्याहून जास्त मिळालं का, हे राष्ट्रं आधी बघतात. हा सिद्धांत समजायला मला दिल्लीत एक अख्खं सत्र लागलं होतं. तात्या सातवीपर्यंत शिकलेले आहेत.

सहीपुरतं तरी कशावर तरी या, अशा काकुळतीला मी आले, तेव्हा आबा एकदम तयार झाले. मी हरखले. मग ते वडिलांच्या कानात म्हणाले, "म्हाराजांनी पुरंदरला तेवीस किल्लं दिलं का न्हाई? बाराच ठिवलं. फुडं सगळं माघारी घेतलं का न्हाई? म्याबी आज बांध देतो." 1665 चा तह आबांना इतका नीट समजला होता, की मीच तो मसुदा फाडून टाकला.

आणि मग मला सोनं सापडलं. एका दुपारी, सगळे पुरुष कलंडलेले असताना, मी बांधाकडे गेले. आंब्याच्या सावलीत थोरल्या काकी दुधाची किटली घेऊन उभ्या होत्या. बांधापलीकडून धाकट्या काकींनी ठेच्याचा डबा पुढे केला, किटली घेतली, आदल्या दिवशीची रिकामी किटली परत दिली. दोघी लेकी-सुनांचं काहीबाही बोलल्या, हसल्या आणि आपापल्या वाटेने गेल्या. हे कित्येक वर्षं चाललं होतं. तात्यांच्या घरी म्हैस नव्हती आणि थोरल्या काकींच्या ठेच्याला चव नव्हती. आपल्या घरातलं दूध डेअरीचं आहे असं तात्या समजत होते. आपली बायको ठेचा फार झणझणीत करते असं आबा समजत होते.

जोसेफ माँटव्हिल यांनी 1981 मध्ये अशा वाटेला दुसऱ्या मार्गाची मुत्सद्देगिरी म्हटलं. सरकारं बोलत नसली तरी माणसं बोलत राहतात, आणि पुढे तीच वाट कामी येते. 1993 च्या ऑस्लो कराराची बोलणीही अशीच सुरू झाली. इस्रायलचे प्राध्यापक आणि पॅलेस्टाइनचे प्रतिनिधी नॉर्वेत गुपचूप भेटत राहिले, आणि व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि अराफात यांनी हस्तांदोलन केलं तेव्हाच जगाला त्याची खरी किंमत कळली. हे सगळं मला पाठ होतं. त्यातला 'गुपचूप' हा भाग परीक्षेत कधी आला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपल्या दोन घरांत संवाद नाही, हे खरं नाही. तात्या, तुम्ही इतकी वर्षं आबांच्याच म्हशीच्या दुधाचा चहा पिताय. आणि आबा, तुमच्या ताटातला ठेचा तात्यांच्या घरचा असतो."

वडाच्या दोन्ही बाजूंना अशी शांतता पसरली, की तिचा प्रकार गाल्टुंगनाही ठरवता आला नसता.

त्या संध्याकाळपासून किटली बंद झाली, डबा बंद झाला. तात्या बाणेदारपणे कोरा चहा पिऊ लागले. आबा भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले आणि प्रत्येक घासाला बायकोकडे बघू लागले. दोन्ही काकींनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्या दोन घरांचं इतक्या वर्षांत उघडपणे झालेलं हे पहिलंच एकमत. रोज रात्री जेवणं आटोपली की आबा आमच्या ओसरीवर येत आणि वडिलांना विचारत, "पोरीची सुट्टी कवा सरतीय?" ते गेले की तात्या येत आणि तेच विचारत.

विल्यम झार्टमन नावाचे एक अमेरिकन अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मध्यस्थाच्या हुशारीने भांडण मिटत नाही. दोन्ही बाजूंची अशी कोंडी व्हावी लागते, की ती दोघांनाही सलते. मगच फळ पिकतं. मध्यस्थाने ती वेळ येईपर्यंत दम धरायचा. मला दम धरायची गरजच पडली नाही. जे वर्षानुवर्षं दोघांनाही सलत नव्हतं, ते मी दुखरं करून दिलं होतं, आणि दुखण्याचा सगळ्यात मोठा भाग रोज सकाळी वही घेऊन दारात उभा राहत होता.

एका संध्याकाळी मी नवा खर्डा घेऊन पारावर गेले, तर आबा आणि तात्या वडाच्या एकाच बाजूला बसलेले. मध्ये तलाठी, मांडीवर कागद. 2023 च्या जानेवारीत राज्य सरकारने सलोखा नावाची योजना आणली होती, ती तलाठी समजावून सांगत होते. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असं किमान बारा वर्षं चालत आलं असेल, तर दोघांनी राजीखुशीने अदलाबदल नोंदवायची. मुद्रांक शुल्क एक हजार, नोंदणी फी एक हजार. पंचनामा व्हायचा आणि जो कसतो त्याचा सातबारा. आबा आणि तात्यांच्या भांडणाचा साचा समोर ठेवून योजना आखावी इतकं ते चपखल होतं. माझ्या कोणत्याही पुस्तकात ती नव्हती.

बाकीचं त्यांनी वहीच्या एका पानावर उरकलं. विहिरीवर पाचची मोटार काढून तीनची. पाइप निम्मे निम्मे. आंबा दोघांचा, लोणचं धाकट्या काकींनी घालायचं. बांध कोरायचा नाही. कोरला तर ज्याने कोरला त्याने गावजेवण घालायचं. दोघांत बोलणं कसं सुरू झालं, आधी कोण बोललं, काकींनी काय केलं, हे मी खोदून खोदून विचारलं. मला आजतागायत कोणी काही सांगितलेलं नाही. ऑस्लोचा धडा गावाने नीट घेतला होता.

पानाच्या तळाशी शेवटचं कलम होतं: "इथून पुढे उभयतांत काही वाद झाल्यास मुलीस दिल्लीला कळवू नये." खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून वडिलांची सही, आणि आजीचा अंगठा. अंगठा जरा जास्तच ठळक उमटला होता.

अर्जातला रकाना मी त्याच रात्री भरला. शेवटच्या कलमाबद्दल लिहिलं, की स्थानिक पक्षांनी शांतता-प्रक्रियेची संपूर्ण मालकी स्वतःकडे घेतली असून बाह्य मध्यस्थावरचं त्यांचं अवलंबित्व संपलं आहे. या क्षेत्रात याहून मोठं यश नाही. भल्याभल्या मोहिमा वर्षानुवर्षं राबतात आणि त्यांना असं वाक्य लिहायला मिळत नाही.

मला मुलाखतीला बोलावलं. पडद्यावर तिघे जण होते. त्यातल्या एका बाईंनी चष्मा वर करत विचारलं, ही शांतता टिकेल याला पुरावा काय? मी सांगितलं, की करारानंतर आठवड्याच्या आत दोन्ही पक्षांनी पहिला संयुक्त खर्च केला. मला सातारा स्टेशनला पोचवायला जीप ठरवली, भाडं निम्मं निम्मं दिलं, आणि गाडी सुटून मी खरोखरच गेले याची खात्री होईपर्यंत दोघेही फलाटावरून हलले नाहीत.